नेताजी पालकर

नेताजी पालकर (नेतोजी असेही लेखन आढळते) हे १७व्या शतकातील एक मराठा सेनानी होते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या घोडदळाचे सरनोबत म्हणून त्यांनी सुमारे आठ वर्षे काम केले. समकालीनांत ते ‘प्रतिशिवाजी’, म्हणजे दुसरे शिवाजी, या नावाने ओळखले जात. १६६६ मध्ये त्यांनी स्वराज्याची चाकरी सोडली. प्रथम ते विजापूरच्या आदिलशाहीकडे व नंतर मोगलांकडे गेले. मोगलांनी त्यांना कैद करून धर्मांतरित केले आणि काबूलच्या बाजूला पाठविले. १६७६ मध्ये ते रायगडावर परतले व प्रायश्चित्त घेऊन पुन्हा स्वधर्मात आले. तीन दरबारांची चाकरी, दोन धर्म आणि सह्याद्रीपासून हिंदुकुशापर्यंतचा प्रवास एकाच आयुष्यात घडलेला दुसरा मराठा सेनानी त्या काळात दाखविणे कठीण आहे.

‘नेताजी’ हे येथे विशेषनाम आहे, पदवी नव्हे. सुभाषचंद्र बोस यांच्यामुळे या शब्दाला आज जो अर्थ चिकटला आहे त्याचा या नावाशी संबंध नाही. जुन्या कागदांतील ‘नेतोजी’ हे रूप तानाजी-तान्होजी, येसाजी-येसोजी या जोड्यांप्रमाणेच समजावे.

घराणे व पूर्वायुष्य

रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यातले चौक हे नेताजींचे गाव मानले जाते. शिवाजी महाराजांच्या राण्यांपैकी पुतळाबाई या पालकर घराण्यातील होत्या. महाराजांच्या कन्या कमळाबाई यांचा विवाह जानोजी पालकर यांच्याशी झाल्याचे वंशावळींत दिलेले आहे. त्यामुळे पालकरांचे भोसले घराण्याशी नाते केवळ धनी आणि चाकर एवढेच नव्हते, त्याला सोयरिकीचीही बाजू होती. पुढे घडलेल्या गोष्टींचा विचार करताना हे लक्षात ठेवावे लागते.

नेताजींच्या बालपणाविषयी व शिक्षणाविषयी कथा पुष्कळ आहेत, पण त्या उत्तरकालीन आहेत. कागदोपत्री त्यांचे चरित्र सरनोबतीपासूनच सुरू होते.

सरनोबतीची पार्श्वभूमी

‘सरनोबत’ हा शब्द फारसी ‘सर-ए-नौबत’ यावरून आला. सर म्हणजे प्रमुख आणि नौबत म्हणजे पाळी किंवा पहारा, तसेच पाळीपाळीने वाजणारा डंका. दख्खनच्या सुलतानी राज्यांत हे पद होतेच, शिवाजी महाराजांनी ते आपल्या लष्करासाठी घेतले. घोडदळाचा एक व पायदळाचा एक असे दोन सरनोबत असत. राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांतील ‘सेनापती’ हे संस्कृत नाव रूढ झाले. तरी बोलण्यात सरनोबत हाच शब्द टिकून राहिला.

१६५७ हे वर्ष स्वराज्याच्या घोडदळाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तोपर्यंतचे बळ मुख्यतः मावळच्या पायदळाचे होते. डोंगरी किल्ला घेणे आणि घाटात शत्रूला गाठणे यांसाठी ते पुरेसे असले तरी देशावरच्या सपाट मुलुखात दूरवर जाऊन परत येण्यास घोडा लागतो, आणि घोड्याला पैसा लागतो. एप्रिल १६५७ च्या अखेरीस महाराजांनी जुन्नर लुटले. तेथून तीन लक्ष होन व दोनशे घोडे मिळाले. पाठोपाठ अहमदनगरच्या पेठेवर छापा घालून आणखी घोडे आणले गेले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबर रोजी आदिलशाहीच्या ताब्यातील कल्याण आणि भिवंडी ही शहरे स्वराज्यात आली. ही कामगिरी दादाजी बापूजी यांच्या हातून झाली आणि नेताजींचा तिच्याशी प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु खाडीवरची ही दोन व्यापारी ठाणी हाती आल्याने उत्पन्नाला जोर आला, मराठी आरमाराची उभारणीही याच परिसरात सुरू झाली. जानेवारी १६५८ मध्ये जवळचा माहुली किल्लाही घेण्यात आला. वाढलेल्या या राज्याला वाढलेल्या घोडदळाची आणि त्याला एका हाताखाली चालविणाऱ्या माणसाची गरज होती.

पहिले सरनोबत माणकोजी दहातोंडे यांच्यानंतर ही जागा नेताजींना मिळाली. सभासद बखरीच्या हिशेबाप्रमाणे त्यांच्या हाताखाली पागेचे सात हजार आणि शिलेदारांचे तीन हजार असे दहा हजार स्वार होते. दहा हजार मावळ्यांच्या पायदळाचे सरनोबत येसाजी कंक होते.

घोडदळाची रचना

नेताजी ज्या यंत्रणेचे प्रमुख होते तिची माहिती सभासदाने बरीच तपशिलाने दिली आहे. घोडेस्वार दोन प्रकारचे असत. ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. बारगिरांच्या दळाला पागा म्हणत. महाराजांचा भर पागेवर होता, आणि वरील आकड्यांतही तो दिसतो. कारण उघड आहे. शिलेदाराचा घोडा हे त्याचे भांडवल असते. तो घोडा मेला तर त्याची उपजीविका जाते, म्हणून ऐन प्रसंगी तो घोड्याला जपतो. शिवाय आपला घोडा घेऊन तो उद्या दुसऱ्या धन्याकडे जाऊ शकतो. बारगिराला हे दोन्ही शक्य नसते.

पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी आणि पाच हजारींवर एक पंचहजारी अशी उतरंड होती. म्हणजे एका जुमल्यात १२५ आणि एका हजारीकडे नावाप्रमाणे हजार नव्हे तर १,२५० स्वार होत. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. ही बाब लहान वाटेल, परंतु पाण्यावाचून आणि नालावाचून घोडदळ दोन दिवसही चालत नाही. जुमलेदारास पाचशे, हजारीस एक हजार आणि पंचहजारीस दोन हजार होन तैनात असे. या सर्वांच्या वर सरनोबत.

पावसाळ्यात लष्कर आपल्या मुलुखातील छावणीत राही. दसऱ्यानंतर ते मुलूखगिरीस बाहेर पडे आणि आठ महिने परमुलुखात पोट भरी. निघताना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची यादी होई, परतल्यावर झाडा घेतला जाई आणि यादीपेक्षा जास्त निघालेली वस्तू सरकारजमा होई. बटकी-कलावंतिणी बरोबर नेण्यास बंदी होती. नेताजींची कारकीर्द या चक्रातच पाहिली पाहिजे. त्यांच्या बहुतेक मोहिमा मार्गशीर्ष ते वैशाख याच काळात पडतात.

अफझलखानानंतरची मोहीम

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला. त्या दिवशी जावळीच्या रानात लपलेल्या पायदळाने खानाच्या छावणीची वाताहत केली. नेताजींच्या घोडदळाचे खरे काम त्यानंतर होते. पराभूत सैन्याला सावरू न देता आणि विजापूरला विचार करण्यास वेळ न देता पुढे घुसायचे होते. वाईपासून कोल्हापुरापर्यंतचा मुलूख भराभर घेत मराठे अठराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळ्यात शिरले. महिन्याभराने, २८ डिसेंबर रोजी, रुस्तुमेजमान व अफझलखानाचा पुत्र फाजलखान यांच्या फौजेचा कोल्हापूरजवळ पराभव करण्यात आला. त्यानंतर महाराज मिरजेच्या वेढ्यात गुंतले असता नेताजी थेट विजापूरच्या रोखाने आदिलशाही मुलूख मारीत गेले.

हा त्यांच्या कीर्तीचा आरंभ होय. ‘प्रतिशिवाजी’ या नावाचा अर्थही येथेच कळतो. एका ठिकाणी महाराज असताना दुसऱ्या ठिकाणी त्यांच्याच वेगाने व त्यांच्याच रीतीने लढणारा माणूस शत्रूला दिसू लागला.

मात्र या मोहिमेचा शेवट सुखाचा नव्हता. मार्च १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर असताना सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. नेताजी आणि महाराजांच्या चाकरीत असलेला सिद्दी हिलाल यांनी बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. या लढाईत हिलालचा तरुण मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, असे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या काव्यात वर्णन आहे. अखेर १२ जुलैच्या रात्री महाराज गडावरून निसटले आणि बांदल देशमुखांच्या मावळ्यांसह बाजीप्रभू देशपांडे यांनी खिंड अडवून धरली. बाजीप्रभूंचे नाव त्या एका दिवसाने अमर झाले. नेताजींच्या वाट्याला असा एक दिवस आला नाही. पन्हाळा हा किल्ला मात्र त्यांच्या आयुष्यात पुन्हा एकदा, आणि अधिक कठोरपणे, येणार होता.

मोगलांशी झुंज

१६६० पासून शायिस्ताखान पुण्यात ठाण मांडून होता. मे १६६१ मध्ये मोगलांनी कल्याण घेतले, ते पुढे नऊ वर्षे, म्हणजे १६७० पर्यंत, त्यांच्याकडेच राहिले. समोरासमोर लढून ही फौज हटविण्याजोगे बळ स्वराज्यात नव्हते. नेताजींचे घोडदळ या काळात मोगली मुलुखात शिरून लूट करणे, रसद मारणे आणि शत्रूला पाठलागात थकविणे ही कामे करीत होते.

अशा कामात काय भोगावे लागे याची एक नोंद इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रव्यवहारात सुदैवाने शिल्लक आहे. १६६३ च्या आरंभी नेताजी मोगली मुलुखातून परतत असता सात हजार मोगल स्वार त्यांच्या पाठीवर लागले. रोज पंचेचाळीस ते पन्नास मैल, म्हणजे ७० ते ८० किलोमीटर, अशी दौड करीत ते विजापूरच्या बाजूला सरकले. तेथे रुस्तुमेजमानाने मोगलांना सांगितले की, हा मुलूख परक्या फौजेला धोक्याचा आहे, पुढचा पाठलाग मी करतो. मोगल थांबले आणि नेताजी निसटले, तरी तीनशे घोडे गमावून व स्वतः जखमी होऊन. हाच रुस्तुमेजमान तीन वर्षांपूर्वी कोल्हापूरजवळ मराठ्यांशी लढला होता. विजापूरचे सरदार आतून मराठ्यांशी कसे सूत राखून होते हे या प्रसंगावरून समजते. त्या काळची ‘निष्ठा’ आजच्या पाठ्यपुस्तकातील चित्रापेक्षा बरीच गुंतागुंतीची होती.

५ एप्रिल १६६३ रोजी पुण्यात लाल महालावर छापा पडला. त्या रात्री माघारीची वाट सांभाळण्यासाठी मोगली छावणीच्या बाहेर सुमारे एक हजाराची एकेक तुकडी नेताजी आणि मोरोपंत पिंगळे यांच्या हाताखाली ठेवण्यात आली होती.

१६६५ मध्ये मिर्झाराजा जयसिंह मोठी फौज घेऊन आला आणि मार्चअखेर त्याने पुरंदरला वेढा घातला. वेढ्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून नेताजींनी दूर परांड्याच्या बाजूला मोगली मुलुखात धडक मारली. पण जयसिंहाने वेढा न हलविता वेगळी फौज त्यांच्यावर पाठविली. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख गेला. बारा किल्ले आणि एक लक्ष होनांचा मुलूख उरला. संभाजीराजांना मोगलांची पंचहजारी मनसब मिळाली आणि विजापूरच्या मोहिमेत मोगलांना साहाय्य करण्याचे महाराजांनी मान्य केले.

१६६६: पन्हाळा आणि फुटणे

त्या कराराप्रमाणे नोव्हेंबर १६६५ मध्ये जयसिंह विजापूरवर निघाला. मराठ्यांचे दोन हजार स्वार आणि सात हजार पायदळ त्याच्याबरोबर होते. सहा महिन्यांपूर्वी ज्यांच्या मुलुखात नेताजी धुमाकूळ घालीत होते त्यांच्याच निशाणाबरोबर ते आता चालत होते. डिसेंबरात फलटण, ताथवडा, खटाव आणि मंगळवेढा ही ठाणी घेण्यात मराठ्यांचा मोठा वाटा होता. परंतु विजापूरकरांनी राजधानीभोवतीच्या विहिरी बुजविल्या, मुलूख उजाड केला आणि जयसिंहाला जानेवारी १६६६ च्या पहिल्या आठवड्यात माघार घ्यावी लागली.

मोगल छावणीत या अपयशाचे खापर मराठ्यांवर फोडण्याची कुजबुज सुरू झाली. तेव्हा पन्हाळा घेऊन देतो असे सांगून महाराज तिकडे निघाले. १६ जानेवारी १६६६ रोजी पहाटेच्या अंधारात त्यांनी गडावर हल्ला केला. गडकरी सावध होते. सुमारे एक हजार माणसे पडली आणि महाराजांना खेळण्याकडे, म्हणजे विशाळगडाकडे, हटावे लागले.

पुढे काय झाले याविषयी दोन प्रकारची साधने दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. सभासदाच्या मते नेताजी ठरल्या वेळी पन्हाळ्यास पोचले नाहीत. समयास का पावला नाहीस, असा जाब विचारून महाराजांनी त्यांना दूर केले आणि कुडतोजी गुजर यांना ‘प्रतापराव’ हा किताब देऊन सरनोबती दिली. मोगली साधने सांगतात की आदिलशाहाने नेताजींना चार लक्ष होन देऊन फोडले आणि ते त्याच्या बाजूने मोगली मुलूख लुटू लागले.

चार लक्ष होन या आकड्याकडे जरा थांबून पाहावे. पुरंदरच्या तहानंतर महाराजांजवळ उरलेल्या मुलुखाचे वार्षिक उत्पन्न एक लक्ष होन होते, आणि पंचहजारीची तैनात दोन हजार होन. म्हणजे एका सरदाराला त्याच्या धन्याच्या चार वर्षांच्या उत्पन्नाएवढी रक्कम. आकडा फुगवलेला असू शकेल, मोगलांना शत्रूने लाच दिली असे सांगणे सोयीचेही होते. पण रक्कम निम्मी धरली तरी विजापूर नेताजींची किंमत काय करीत होते हे त्यावरून कळते.

या दोन कथा परस्परांना छेद देतात असे मानण्याचे कारण नाही. एक कथा ते का काढले गेले हे सांगते, दुसरी काढल्यावर ते कोठे गेले हे सांगते. वादाचा खरा मुद्दा क्रमाचा आहे. ते आधी फुटले म्हणून उशिरा आले, की उशिरा आल्याबद्दल काढले गेले म्हणून फुटले?

नेताजींना महाराजांनीच मुद्दाम शत्रूकडे पाठविले, हा सारा डाव होता, असे एक मत लोकप्रिय आहे. त्याला समकालीन पुरावा नाही आणि परिस्थितीही अनुकूल नाही. जयसिंह आधीच अपयशाने बेचैन होता. नेताजी गेल्यावर महाराजही विजापूरला मिळतील ही त्याची धास्ती वाढली, आणि त्यांना दक्षिणेतून दूर आग्र्यास पाठविण्याची त्याची घाई याच काळातली आहे. ज्या डावाने स्वतःचीच कोंडी होते तो डाव महाराजांनी रचला असे मानणे अवघड आहे. तहावर नाराज होऊन, मोगलांशी लढता यावे म्हणून नेताजी विजापूरकडे गेले, हे मत त्या मानाने अधिक संभाव्य वाटते. मात्र पुढच्या दोनच महिन्यांत ते मोगलांकडे गेले, ही गोष्ट त्यालाही आडवी येते.

२० मार्च १६६६ रोजी जयसिंहाने नेताजींच्या मागण्या मान्य करून त्यांना आपल्याकडे ओढले. पंचहजारी मनसब, बादशाहीच्या जुन्या व सुपीक मुलुखात जहागीर आणि अडतीस हजार रुपये रोख असे ते मोल होते. महाराज त्या वेळी राजगडाहून आग्र्याच्या वाटेवर होते.

मे महिन्यात आग्र्याच्या दरबारात महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले. तेव्हा ते संतापले हे सर्वश्रुत आहे. फारसी वृत्तान्तात त्या संतापाचे एक कारण असे दिले आहे की, आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला आणि आपल्या चाकर नेताजीलाही पंचहजारीच दिली आहे, मग आपल्यालाही तेवढेच काय, असे महाराज म्हणाले. दरबारात न्याय मागताना फुटलेल्या चाकराचे नाव तोंडी यावे, यावरून ती जखम किती ताजी होती ते समजते.

निष्ठेचा प्रश्न

नेताजींचे हे वर्तन आजच्या वाचकाला खटकते. तुलनेसाठी त्याच काळातील जपानचे उदाहरण उपयोगी पडते. सामुराई म्हटले की धन्यासाठी प्राण देणारा सेवक डोळ्यांसमोर येतो. पण १६व्या शतकातील यादवीच्या जपानमध्ये धनी बदलणे ही नित्याची गोष्ट होती. तोदो ताकातोरा या सामुराईने एकामागून एक अनेक धन्यांची चाकरी केली आणि अखेर तोकुगावांच्या राजवटीत तो मोठा जहागीरदार झाला. १६०० मधील सेकिगाहाराच्या निर्णायक लढाईत कोबायाकावा हिदेआकी याने ऐन रणात बाजू बदलली आणि लढाईचा निकाल फिरला. अढळ स्वामिनिष्ठेचे प्रसिद्ध ग्रंथ लिहिले गेले ते लढाया संपून सामुराई वेतनदार झाल्यानंतर. ‘हागाकुरे’ १८व्या शतकाच्या आरंभीचा आहे.

दख्खनमध्ये १६६६ साली लढाया संपलेल्या नव्हत्या. भोसले, घोरपडे, जाधव, निंबाळकर या सर्व घराण्यांतील माणसे निजामशाही, आदिलशाही व मोगलाई यांत ये-जा करीत आली होती. खुद्द शहाजीराजांनीही तिन्ही दरबार पाहिले होते. वेगळे काही घडत होते ते शिवाजी महाराजांच्या राज्यात. चाकराला वतन न देता रोख तैनात द्यावी, घोडा सरकारचा असावा, लुटीचा हिशेब द्यावा आणि निष्ठा घराण्याच्या सोयीप्रमाणे न बदलता राज्याशी असावी, ही अपेक्षा तेथे नव्याने रुजत होती. जुन्या मापाने नेताजींचे वागणे दख्खनी सरदाराचे आहे, नव्या मापाने तो फितवा ठरतो. दोन मापांच्या सांध्यावर सापडलेला माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहणे अधिक न्याय्य होईल.

कैद, धर्मांतर आणि काबूल

१७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज आग्र्याहून निसटले. ते दक्षिणेत पोचताच नेताजी त्यांना जाऊन मिळतील अशी शंका औरंगजेबाला आली आणि त्याने जयसिंहाला त्यांना कैद करण्याचा हुकूम पाठविला. २४ ऑक्टोबर १६६६ रोजी बीडच्या बाजूला धारूर येथे दिलेरखानाच्या छावणीत नेताजींना पकडण्यात आले. त्यांचे चुलते कोंडाजी हेही कैदेत पडले. पंचहजारी मनसब मिळून पुरते आठ महिनेही झाले नव्हते.

त्यांना दिल्लीस नेण्यात आले. मार्च १६६७ मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला. त्यांचे नाव मुहम्मद कुलीखान असे ठेवण्यात आले आणि तीन हजारी मनसब देण्यात आली. कैदेतील माणसाने केलेला हा स्वीकार कितपत स्वेच्छेचा होता हे सांगावयास नको. पुढे त्यांची रवानगी काबूलच्या बाजूला झाली. मराठा घोडदळाचा हा माजी सरनोबत सरहद्दीवरच्या पठाणी मुलुखात मोगलांची चाकरी करू लागला.

या नऊ वर्षांत दक्षिणेत बरेच काही बदलले. पुरंदरात गेलेले किल्ले १६७० मध्ये पुन्हा घेतले गेले आणि कल्याणही परत आले. नेताजींच्या जागी आलेले प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ बहलोलखानावर मोजक्या सोबत्यांसह तुटून पडले आणि मारले गेले. त्यांच्यानंतर हंबीरराव मोहिते सेनापती झाले. जून १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला. नेताजींनी सोडले तेव्हा जो एक तहाने कोंडलेला जहागीरदार होता तो आता छत्रपती होता.

परत येणे

१६७६ मध्ये दिलेरखान पुन्हा दक्षिणेत नेमला गेला आणि त्याच्या फौजेबरोबर मुहम्मद कुलीखानही आले. ज्याने त्यांना धारूरला कैद केले त्याच सरदाराच्या छावणीतून ते निसटले आणि रायगडास पोचले. जेधे शकावलीत शके १५९८, आषाढ वद्य ४ या तिथीस नेताजी पालकर प्रायश्चित्त घेऊन शुद्ध झाल्याची नोंद आहे. ती तिथी १९ जून १६७६ या दिवशी येते. शकावलीची नोंद एका ओळीची आहे. जेधे शकावली हे बखरींपेक्षा अधिक विश्वसनीय साधन मानले जाते, म्हणून या एका ओळीचे मोल मोठे.

धर्मांतरित माणसाला परत घेण्याचे हे पहिलेच उदाहरण होते असे नाही. फलटणचे बजाजी नाईक निंबाळकर यांना पूर्वी परत घेण्यात आले होते, अशी परंपरा आहे, आणि त्यांचे पुत्र महादजी यांना महाराजांनी आपली कन्या सखुबाई दिली होती. परंतु नेताजींचे प्रकरण अधिक अवघड होते. ते नऊ वर्षे दुसऱ्या धर्मात राहिले होते, दूर परमुलुखात राहिले होते, आणि त्याआधी ते राजाला सोडून गेले होते. धर्मशास्त्राच्या दृष्टीने पहिल्या दोन गोष्टींना प्रायश्चित्त होते. तिसऱ्या गोष्टीला क्षमा करणे फक्त महाराजांच्या हाती होते आणि ती त्यांनी केली. राज्याभिषेकाला अवघी दोन वर्षे झालेल्या दरबारात हा निर्णय सर्वांदेखत अमलात आला, हेही लक्षात घ्यावे.

सरनोबती मात्र त्यांना परत मिळाली नाही. ती हंबीररावांकडेच राहिली. काही महिन्यांतच सुरू झालेल्या कर्नाटकच्या मोठ्या मोहिमेत सैन्याचे नेतृत्व त्यांनीच केले.

स्मृती

नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुक्यात तामसा येथे नेताजींची समाधी दाखविली जाते. चौक येथेही त्यांची आठवण जपली जाते. कादंबऱ्या, नाटके आणि पोवाडे यांत बहुधा त्यांच्या परतण्याचा प्रसंग रंगविला जातो. पन्हाळ्याचा प्रसंग एक तर गाळला जातो किंवा ‘गुप्त डाव’ म्हणून सोडविला जातो. त्यांच्या लष्करी कामगिरीकडे त्या मानाने लक्ष कमी गेले आहे. १६५९-६० ची विजापूरच्या दिशेची धडक आणि १६६३ ची ती जखमी दौड यांवर स्वतंत्र लेखन व्हावे इतके साहित्य इंग्रजी वखारींच्या पत्रांत, आदिलशाही कागदांत आणि जयसिंहाच्या पत्रव्यवहारात उपलब्ध आहे.